गुन्ह्याचा माग कोण काढतो?

गुप्त पोलिसांच्या कथा वाचण्याची हौस आमच्या विद्यार्थिवर्गांत फार आहे, आणि ती वाईट आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. शेरलॉक होम्स हें नांव ज्याच्या कानांवर गेलें नाहीं असा मुलगा वरच्या वर्गांत विरळाच. आणि बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार व काळा पहाड या नायकांनीं तर मराठी वाचकांची झोंप उडविली होती. या सर्व कथांची ठेवण बहुधा एकच असते. प्रथम गुन्हा घडतो. मग गणवेशांतील शिपाई येऊन नको तो माणूस पकडतो. साक्षीदार घाबरून कांहीं तरी बडबडतात. आणि शेवटीं एक अलौकिक बुद्धीचा पुरुष विडीची राख किंवा चिखलांतील पाऊल पाहून क्षणार्धांत खरा अपराधी दाखवून देतो. वाचतांना मोठी मौज वाटते. परंतु प्रत्यक्ष जगांत गुन्ह्याचा उलगडा असाच होतो काय, आणि होत नसल्यास तो कोणाच्या हातून होतो, हें विचारून पाहण्यासारखें आहे.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे. तपास चुकला म्हणजे त्याचा परिणाम दुहेरी होतो: अपराधी मोकळा राहतो आणि निरपराधी मनुष्य तुरुंगांत किंवा फांसावर जातो. म्हणून तपासाच्या कामीं ज्यांचे हात लागतात त्यांपैकीं कोणाचा किती उपयोग होतो हें प्रत्येकानें समजून घेतलें पाहिजे. हे हात मुख्यतः पांच प्रकारचे आहेत. गुन्ह्याच्या जागीं सर्वांआधीं पोंचणारा साधा शिपाई हा पहिला. पुढील तपास चालविणारा अंमलदार किंवा गुप्त पोलीस हा दुसरा. डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ, हस्ताक्षरांचा जाणता इत्यादि तज्ज्ञ हा तिसरा. जुन्या गुन्हेगारांचें दप्तर संभाळणारा कारकून हा चौथा. आणि ज्यानें कांहीं पाहिलें वा ऐकिलें असा सामान्य मनुष्य हा पांचवा. आतां कांहीं प्रसिद्ध प्रकरणांच्या आधारें या पांचांची परीक्षा करूं.

प्रथम आपल्याच प्रांतांतील जुनी व्यवस्था पाहूं. पेशवाईंत खेड्यापाड्यांतून पोलीसखातें असें निराळें नव्हतें. गांवच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर असे, व त्याच्या हाताखालीं गांवचा रखवालदार असे. हें काम कोठें रामोशी, कोठें भिल्ल, तर कोठें महार मंडळींकडे वंशपरंपरेनें चालत आलेलें होतें. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत या व्यवस्थेचें वर्णन आहे. रात्रीं गस्त घालावी, गांवांतील प्रत्येक माणसाची चालचर्या ठाऊक करून घ्यावी, आणि चोरी झाल्यास चोर शोधून काढावा, हें रखवालदाराचें काम. चोर न सांपडल्यास त्याच्या पावलांचा माग काढीत शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत जावें आणि तो माग तेथील रखवालदाराच्या हवालीं करावा, म्हणजे पुढील जबाबदारी त्या गांवाची. माग जेथें खुंटे तेथील रखवालदारास, व प्रसंगीं गांवासहि, नुकसान भरून द्यावें लागे.

या रीतींत दोष होतेच. कधीं रखवालदारच चोरांना सामील असे, आणि कधीं निरपराधी गांवास भुर्दंड पडे. तरी तिच्यांतील दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. एक, तपासास विलंब होत नसे. उजाडल्यावर गुरें बाहेर पडून पावलें मोडण्यापूर्वीं माग काढावा लागे. दुसरी, तपास करणारा मनुष्य परका नसे. गांवांत नवें कोण आलें, रात्रीं कोणाचें दार उघडें होतें, हें त्याला ठाऊक असे. म्हणूनच पुढें १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्यानें पाटलाचें हें काम कायम ठेविलें, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाप्रमाणें पोलीस पाटील आजहि आपल्या खेड्यांत आहे.

विलंब झाला व प्रथम पोंचणारांनीं हलगर्जीपणा केला, तर कितीहि हुशार शोधक मागाहून आला तरी काय होतें, याचें उदाहरण इंग्लंडांत घडलें. लंडनच्या पोलीसखात्यांत गुप्त पोलिसांची लहानशी शाखा १८४२ सालीं निघाली. तिच्या पहिल्या आठ जणांत जोनाथन व्हिचर हा होता, व आपल्या काळचा तो अत्यंत नांवाजलेला शोधक होता. १८६० च्या जून महिन्याच्या अखेरीस विल्टशायर परगण्यांत रोड हिल नांवाच्या घरांतून केंट नांवाच्या गृहस्थाचा चार वर्षांचाहि नसलेला मुलगा रात्रीं बिछान्यांतून नाहींसा झाला, व सकाळीं आवारांतील शौचकूपांत त्याचें प्रेत सांपडलें. अपराधी घरांतलाच असावा असें दिसत होतें.

स्थानिक पोलिसांनीं घराचा झाडा घेतला तेव्हां पाणी तापविण्याच्या चुलींत रक्तानें माखलेलें एक वस्त्र त्यांना मिळालें. तें कोणाचें, याचा छडा तेव्हांच लावला असता तर कदाचित् सर्वच उलगडा झाला असता. परंतु तें त्यांच्या हातचें पुन्हां गेलें, आणि शरमेनें ही गोष्ट त्यांनीं कित्येक महिने लपवून ठेविली. पहाऱ्यासाठीं रात्रीं त्या घरांत राहिलेल्या दोघां शिपायांस घरधन्यानें स्वयंपाकघरांत कोंडून घातलें, हाहि एक चमत्कारिक प्रकार घडला.

व्हिचर लंडनहून आला तो दोन आठवड्यांनीं. त्याची नजर मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्सवर, गेली. कारण तिचा रात्रीं नेसण्याचा एक झगा नाहींसा झालेला होता. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. मॅजिस्ट्रेटांनीं तिला सोडून दिलें. कुलीन घरच्या मुलीची एका हलक्या अंमलदारानें बेअब्रू केली म्हणून लोकांनीं ओरड केली. व्हिचरचें नांव खालावलें व १८६४ सालीं त्यानें नोकरी सोडली. पुढच्याच वर्षीं कॉन्स्टन्सनें आपण होऊन गुन्हा कबूल केला. तिची फांशीची शिक्षा कमी होऊन तिला जन्मठेप झाली व २० वर्षांनीं, १८८५ सालीं, ती सुटली. म्हणजे व्हिचरचा तर्क बरोबर होता. पण ज्या पुराव्यावर तो तर्क उभा राहावयाचा तो पहिल्या दिवशींच नाहींसा झाला होता. शोधकाची बुद्धि पुराव्याचा अर्थ लावूं शकते. गेलेला पुरावा ती परत आणूं शकत नाहीं.

आतां दप्तराच्या कारकुनाकडे वळूं. कथांत तो कधींच नायक नसतो, तथापि हिंदुस्थानांतच त्याची थोरवी प्रथम जगाच्या नजरेस आली. १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांचें दप्तर उघडण्यांत आलें. अशा प्रकारचें तें जगांतील पहिलें कार्यालय मानलें जातें. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालीं अझीझुल हक व हेमचंद्र बोस हे दोन हिंदी अंमलदार काम करीत होते. ठसे गोळा करणें सोपें. पण हजारों कागदांतून हवा तो कागद चटकन् काढावा कसा, हीच खरी अडचण होती. दहा बोटांवरील रेषांच्या आकृति पाहून कागदांचे १०२४ वर्ग पाडावयाचे व प्रत्येक वर्गासाठीं निराळा खण ठेवावयाचा, ही युक्ति बसविण्यांत या दोघांचा मोठा वांटा होता. पद्धतीला नांव मात्र हेन्री यांचें पडलें.

या दप्तराचा उपयोग लवकरच दिसून आला. १८९७-९८ च्या सुमारास जलपाइगुडी जिल्ह्यांतील एका चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या स्थितींत बिछान्यावर आढळला. तिजोरी व पेटी फोडून कांहीं शें रुपये नेलेले होते. संशय अनेकांवर होता. मळ्यांतील मजुरांना तो नकोसा होता. आचाऱ्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. जवळच परदेशीं काबुल्यांची एक टोळी उतरलेली होती. आणि चोरीबद्दल ज्याला त्यानें तुरुंगांत पाठविलें होतें असा एक जुना नोकर नुकताच सुटलेला होता. पेटींतील कागदपत्रांत एक बंगाली पंचांग होतें, व त्यावर तपकिरी रंगाचे दोन पुसट डाग होते. एखाद्या घाईच्या अंमलदारानें तें पंचांग बाजूस टाकलें असतें. पण तें जपून कलकत्त्यास पाठविण्यांत आलें, आणि त्यांतील एक डाग म्हणजे जुना नोकर कांगालीचरण याच्या उजव्या अंगठ्याचा ठसा आहे असें दप्तरावरून ठरलें. तो दूर बीरभूम जिल्ह्यांत सांपडला. सरकारी रसायनपरीक्षकानें डाग रक्ताचे असल्याचें सांगितलें.

खटल्याचा निकाल मोठा विचार करण्यासारखा आहे. न्यायाधिशांनीं त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनाच्या आरोपांतून सोडलें. कारण खून करतांना त्याला कोणीं पाहिलें नव्हतें, आणि ठसा एवढेंच सांगत होता कीं त्याचा रक्ताचा हात त्या पंचांगास लागला. तज्ज्ञाचें शास्त्र जेवढें सांगतें तेवढेंच घ्यावें, त्यापुढें आपल्या कल्पनेची भर घालूं नये, हा धडा त्या न्यायालयानें पहिल्याच प्रसंगीं घालून दिला. आणखी एक गोष्ट येथें ध्यानांत घ्यावी. कांगालीचरण पूर्वीं शिक्षा भोगलेला नसता, तर त्याचा ठसा दप्तरांत नसता, व तो डाग डागच राहिला असता.

पांचही प्रकारचे हात एकत्र कसे येतात हें १९१० च्या क्रिपेन प्रकरणांत उत्तम दिसतें. लंडनांतील डॉक्टर क्रिपेन याची पत्नी, जी रंगभूमीवर गात असे, एकाएकीं दिसेनाशी झाली. ती अमेरिकेस जाऊन वारली असें तो सांगे. तिच्या मैत्रिणींना ही गोष्ट पटेना. त्यांतच क्रिपेनची टंकलेखिका त्या बाईचा दागिना घालून समारंभास आलेली त्यांनीं पाहिली. त्यांच्या सांगण्यावरून स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर वॉल्टर ड्यू क्रिपेनच्या घरीं गेला. क्रिपेननें सांगितलें कीं, पत्नी दुसऱ्याबरोबर पळून गेली व लाजेमुळें आपण खोटें बोललों. ड्यूनें घर पाहिलें. त्यास कांहीं आढळलें नाहीं. क्रिपेन स्वस्थ बसला असता तर प्रकरण तेथेंच मिटण्याचा संभव होता. पण तो घाबरून टंकलेखिकेसह पळाला. तेव्हां ड्यूनें पुन्हां झडती घेतली, आणि तळघराच्या विटांखालीं मानवी देहाचे अवशेष सांपडले. डॉक्टरांना त्यांत हायोसीन नांवाचें विष आढळलें, व तें विष विकणाऱ्या औषधी दुकानाच्या विषांच्या वहींत क्रिपेनची सही मिळाली.

इकडे क्रिपेन कोठें होता? अँटवर्पहून कॅनडाकडे निघालेल्या माँट्रोझ जहाजाचा कप्तान हेन्री केंडॉल यानें वर्तमानपत्रांतील वर्णन वाचलेलें होतें. बाप व मुलगा म्हणविणाऱ्या दोघां उतारूंचें वागणें त्याला चमत्कारिक वाटलें. 'मुलगा' बापाचा हात धरून उभा राही, आणि त्याच्या विजारीस टांचण्या लाविलेल्या होत्या. केंडॉलनें २२ जुलै रोजीं बिनतारी यंत्रानें बातमी पाठविली. ड्यू अधिक वेगाच्या जहाजानें पुढें गेला व ३१ जुलै रोजीं त्यानें कॅनडाच्या किनाऱ्याजवळ क्रिपेनला पकडलें. त्याच वर्षीं २३ नोव्हेंबर रोजीं क्रिपेन फांशीं गेला. ड्यूची कीर्ति झाली, व ती सर्वस्वीं अयोग्य होती असें नाहीं. पण हिशेब केला तर मैत्रिणींनीं तोंड उघडलें, दुकानदारानें वही नीट ठेविली, आणि कप्तानानें डोळे उघडे ठेविले, म्हणून तपास पुरा झाला. येथें सांगितलें पाहिजे कीं, २००७ सालीं अमेरिकेंतील कांहीं शास्त्रज्ञांनीं जपून ठेविलेल्या अवशेषांची नवी परीक्षा करून ते त्या बाईचे नव्हेत असें मत दिलें, व त्यावर वाद झाला. शंभर वर्षांनींहि प्रश्न विचारतां आला तो अवशेष जपून ठेविले होते म्हणूनच.

मग साक्षीदार व तज्ज्ञ यांवर डोळे मिटून विश्वास टाकावा काय? मुळींच नाहीं. १८९६ सालीं लंडनांत अडॉल्फ बेक नांवाच्या मनुष्यावर स्त्रियांना लालूच दाखवून त्यांचे दागिने लांबविल्याबद्दल खटला झाला. अनेक स्त्रियांनीं शपथेवर सांगितलें कीं, तो हाच. हस्ताक्षराच्या तज्ज्ञानेंहि पत्रें त्याचींच म्हणून सांगितलें. बेक ओरडून सांगत होता कीं, तो मीं नव्हेच. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. १९०१ सालीं तो सुटला, आणि १९०४ सालीं तशाच आरोपावरून पुन्हां दोषी ठरला. शिक्षा सुनावण्याचें काम तहकूब होतें, एवढ्यांत खरा भामटा आणखी तसलाच गुन्हा करतांना सांपडला. तेव्हां बेकचें निरपराधित्व सिद्ध झालें. त्या स्त्रिया खोटें बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच तसें वाटत होतें, आणि हेंच त्यांतील भयंकर आहे. या प्रकरणामुळें जी खळबळ उडाली तिच्यायोगें १९०७ सालीं इंग्लंडांत फौजदारी अपिलांचें न्यायालय स्थापन झालें.

तज्ज्ञाविषयींहि तसेंच. फ्रान्सांत आल्फोन्स बर्तियों यानें गुन्हेगारांच्या शरीराचीं मापें घेऊन त्यांची ओळख ठेवण्याची पद्धति बसविली होती, व त्या विषयांत त्याचा अधिकार मोठा होता. परंतु १८९४ सालीं कॅप्टन ड्रेफस यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यांत हस्ताक्षराविषयीं त्याचें मत विचारण्यांत आलें. तो त्याचा विषय नव्हता. तरी त्यानें तें अक्षर ड्रेफस यांचेंच असल्याचें ठासून सांगितलें. एक निर्दोष अंमलदार दूरच्या बेटावर काळ्या पाण्यावर गेला, व त्याच्यावरील कलंक पुरता धुऊन निघण्यास १९०६ साल उजाडलें. एका विषयांतील पंडित दुसऱ्या विषयांत अडाणी असूं शकतो, ही गोष्ट न्यायाच्या मंदिरांत विसरली गेली म्हणजे असा अनर्थ होतो.

हीं एकेकटीं प्रकरणें झालीं. पण सर्वसाधारण अनुभव काय सांगतो? अमेरिकेंतील रँड या संशोधनसंस्थेंत पीटर ग्रीनवुड, जॅन चेकन व जोन पीटर्सिलिया यांनीं शंभराहून अधिक पोलीसखात्यांची माहिती जमवून १९७५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते वाचून गुप्त पोलिसांच्या अभिमान्यांना धक्काच बसला. गुन्हा उलगडेल कीं नाहीं हें सर्वांत अधिक एकाच गोष्टीवर अवलंबून असतें असें त्यांना दिसलें: ज्याच्यावर अन्याय झाला तो मनुष्य प्रथम आलेल्या साध्या शिपायाला काय माहिती देतो. ज्यांचा उलगडा झाला अशा पुष्कळ गुन्ह्यांत अपराध्याची ओळख गुप्त पोलिसाच्या हातीं कागद पडण्यापूर्वींच लागलेली होती. गुप्त पोलिसाचा बराच वेळ अहवाल वाचण्यांत, लिहिण्यांत, आणि जेथें उलगड्याची आशा नाहीं अशा प्रकरणांत जात होता. घटनास्थळावरून वस्तु व ठसे गोळा होत, पण ते जुळवून पाहण्याची व्यवस्था तोकडी असल्यामुळें पुष्कळसे पडून राहत. जलपाइगुडीच्या पंचांगाची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

तरीहि यावरून गुप्त पोलीस निरुपयोगी असें समजणें हा घाईचा निष्कर्ष होईल. घरफोडी निराळी आणि खून निराळा; खुनांत फिर्याद सांगणारा स्वतःच गेलेला असतो. १९९९ सालीं अमेरिकेंतील चार शहरांतील सुमारे ८०० खुनांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यांत असें दिसलें कीं, प्रथम आलेल्या शिपायानें जागा तत्काळ बंद करून वर्दी दिली, तपासी अंमलदार अर्ध्या तासाच्या आंत पोंचले, व एकदोघांऐवजीं तिघेचौघे नेमले गेले, तर उलगड्याचा संभव वाढतो. म्हणजे शोधकाचा उपयोग खरा. पण तो शोधक लवकर आलेला, सोबत्यांसह आलेला, आणि आधींच्या शिपायानें जपलेल्या जागेवर आलेला असला पाहिजे.

तज्ज्ञ, पोलीस व सामान्य मनुष्य यांचें परस्परावलंबन सर्वांत स्पष्ट दाखविणारें प्रकरण इंग्लंडांतील लीस्टरशायर परगण्यांतील आहे. तेथें १९८३ व १९८६ सालीं नारबरो गांवाच्या आसपास दोन शाळकरी मुलींचे खून झाले. एका सतरा वर्षांच्या मुलानें पोलिसांच्या चौकशींत दुसऱ्या खुनाची कबुली दिली. लीस्टर विद्यापीठांतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांनीं १९८४ सालीं रक्तादि पदार्थांतील डी. एन. ए. या द्रव्यावरून माणसाची ओळख पटविण्याची रीत शोधली होती. तिच्या योगें असें आढळलें कीं, दोन्ही खून एकाच मनुष्यानें केले, पण तो मनुष्य हा मुलगा नव्हे! कबुलीमुळें जो बहुधा जन्मभर तुरुंगांत गेला असता, त्याला शास्त्रानें सोडविलें.

मग पोलिसांनीं आसपासच्या सुमारे ५००० पुरुषांचे नमुने तपासले, तरी एकहि जुळला नाहीं. शास्त्र अडलें. पुढें एका उपाहारगृहांत एका पाव-भट्टींतील कामगार सहज बोलून गेला कीं, आपण एका सोबत्याच्या नांवावर आपलें रक्त दिलें. हें ऐकणाऱ्या एका स्त्रीच्या मनांत तें शब्द घोळत राहिले, व तिनें जाऊन पोलिसांना सांगितलें. तो सोबती सप्टेंबर १९८७ मध्यें पकडला गेला, त्याचा नमुना जुळला, व १९८८ च्या जानेवारींत त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. निरपराध्याला तज्ज्ञानें वांचविलें. अपराध्यापर्यंत मात्र एका सामान्य स्त्रीच्या शब्दानेंच वाट दाखविली.

आपल्याकडील कायद्यानें हे धडे कितपत घेतले आहेत? पोलिसांपुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाहीं, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत घातला गेला. त्या कायद्याच्या जागीं १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू झाला त्यांतहि तो कायम आहे. मारहाणीच्या भीतीनें निरपराधी मनुष्यहि 'होय' म्हणतो, हें त्याचें कारण. त्याच दिवसापासून अंमलांत आलेल्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणें गुन्ह्याची पहिली खबर कोणत्याहि ठाण्यावर देतां येते, मग गुन्हा कोणाच्याहि हद्दींत घडलेला असो; आणि ज्या गुन्ह्यांस सात वर्षें किंवा त्याहून अधिक शिक्षा आहे, त्यांच्या जागीं शास्त्रीय तज्ज्ञानें जाऊन पुरावा गोळा करावा अशी तरतूद झाली आहे. ती अंमलांत आणण्यास राज्यांना पांच वर्षांपर्यंत मुदत दिलेली आहे.

आणि साध्या शिपायाची योग्यता सांगावयास आम्हांस परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईंत दहा हल्लेखोरांनीं कहर मांडला असतां, गिरगांव चौपाटीजवळच्या नाक्यावर सातारा जिल्ह्यांतील तुकाराम ओंबळे हे सहायक उपनिरीक्षक केवळ लाठी घेऊन उभे होते. त्यांनीं अजमल कसाब याच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनीं धरून ठेविली, आणि गोळ्या अंगावर घेऊन प्राण सोडला. त्यामुळें सहकाऱ्यांना कसाबला जिवंत पकडतां आलें. बाकीचे नऊ हल्लेखोर मारले गेले. मेलेला मनुष्य बोलत नाहीं. कट कोठें शिजला, माणसें कोठून व कोणत्या वाटेनें आलीं, याचा जो तपास पुढें झाला त्याची मोठी किल्ली त्या पकडलेल्या मनुष्याच्या रूपानें मिळाली. खटल्यांत वृत्तपत्राच्या छायाचित्रकारानें बोरीबंदर स्थानकांत जिवावर उदार होऊन टिपलेलीं चित्रें व सामान्य उतारूंच्या साक्षी पुढें आल्या. ओंबळे यांना २००९ सालीं अशोकचक्र देण्यांत आलें.

आतां या सर्वांचें तात्पर्य पाहूं. पांचांपैकीं कोणीहि एकटा पुरेसा नाहीं. शिपायाचा उपयोग सर्वांत आधीं व म्हणून सर्वांत मोठा. शोधक त्याच्या पायावर इमारत बांधतो. तज्ज्ञ त्या इमारतीचा एकेक दगड ठोकून पाहतो. कारकुनाचें दप्तर जुळवणीला आधार देतें. परंतु या चौघांना जें साहित्य लागतें तें बहुधा पांचव्याकडून, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांकडून, येतें. आणि बेकच्या प्रकरणांत दिसलें त्याप्रमाणें सर्वांत मोठी चूकहि त्याच्याच हातून होऊं शकते.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, आपल्यावर प्रसंग आल्यास पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. गुन्ह्याच्या जागीं जखमी असेल तर प्रथम त्यास मदत करावी. पण तेथील वस्तूंना उगाच हात लावूं नये व गर्दी करूं नये. जें पाहिलें तें लवकर, दुसऱ्यांशीं चर्चा करून त्यांत मिसळ होण्यापूर्वीं, कागदावर लिहून ठेवावें: वेळ, जागा, कपडे, चाल, वाहनाचा क्रमांक. पाहिलें तेवढेंच सांगावें. ऐकिलेलें ऐकिलें म्हणून सांगावें. आणि चेहरा नक्की आठवत नसेल तर 'नक्की सांगतां येत नाहीं' असें स्पष्ट म्हणावें. या शेवटच्या वाक्यांत कमीपणा मुळींच नाहीं. बेकच्या साक्षीदारांपैकीं दोघीतिघींनीं तरी तें म्हटलें असतें तर एका माणसाचीं तुरुंगांतलीं वर्षें कदाचित् वांचलीं असतीं.

पालकांनाहि आमची एक विनंति आहे. 'आपल्याला काय करावयाचें आहे, उगाच कोर्टाच्या फेऱ्या मागें लागतील' हे शब्द पुष्कळ घरांतून मुलांच्या कानीं पडतात. फेऱ्या लागतात हें खोटें नाहीं, व त्या कमी व्हाव्या म्हणून सरकारास सांगितलेंच पाहिजे. परंतु लीस्टरशायरमधील त्या स्त्रीनें असाच विचार केला असता तर दोन मुलींचा मारेकरी मोकळा फिरत राहिला असता. आपल्या मुलानें किंवा मुलीनें खरें पाहिलेलें खरें सांगण्याची इच्छा दाखविली, तर तिला घरांतून आधार मिळावा, आणि ठाण्यावर जातांना वडील माणूस तिच्याबरोबर असावा, एवढेंच आमचें मागणें आहे.